एकही हातचा न घेता: १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचे गुणधर्म

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्हॉट्सअॅपवर आलेल्या एका मेसेजात १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो असं लिहिलंय. पुढे ‘९९९९९९९९९ च्या वर्गाला १ + २ + … + ९ + … + २ + १ ने भागा, उत्तर तेच’ असं सूत्र दिलंय. खाली कुणीतरी ही मूळ संख्या असल्याचं ठोकून दिलंय. तुम्ही स्वतः स्प्रेडशीटमध्ये गुणाकार करून पाहिलात, तर शेवटी ३२१ ऐवजी ३०० आलं. यातलं खरं काय, आणि या संख्येत काही विशेष आहे की नुसती दिसायला छान आहे?

सरळ उत्तरं आधी देतो. वर्ग बरोबर आहे. मूळ संख्या असणं शक्यच नाही, कारण जी संख्या १११११११११ चा वर्ग आहे तिला १११११११११ ने पूर्ण भाग जाणारच. ३०० चा घोळ स्प्रेडशीटचा आहे, त्याबद्दल शेवटी सांगतो. सूत्र खरं आहे, आणि त्यामागचं कारण दोन ओळींचं आहे. ते एकदा कळलं की बाकीचं बरंच काही त्याच धाग्याने उलगडत जातं. बरीच वर्षं मुलांना संख्यासिद्धांत शिकवताना मी या एका संख्येवर दोन-तीन तास सहज घालवतो, कारण शाळेतल्या गणिताचे कितीतरी धडे हिच्यात एका जागी भेटतात.

गुणाकार शाळेत करायचो तसाच उभा मांडा. खालच्या प्रत्येक १ ने वरच्या १११११११११ ला गुणायचं, म्हणजे तीच नऊ एकांची ओळ पुन्हा लिहायची, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. अशा नऊ ओळी झाल्या की उभ्या रकान्यांकडे बघा. अगदी उजव्या रकान्यात एकच १ आहे, त्याच्या डावीकडे दोन, मग तीन, असं वाढत वाढत नवव्या रकान्यात नऊ एक जमतात. तिथून पुढे वरच्या ओळी संपत जातात म्हणून आठ, सात, सहा असं उतरत शेवटच्या, म्हणजे सतराव्या रकान्यात पुन्हा एकच १ उरतो. बेरीज करताना कुठल्याही रकान्यात ९ च्या वर जावं लागत नाही. एकही हातचा येत नाही, म्हणून रकान्यातली मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते. संख्या डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, तीच राहते, कारण रकान्यांची उंचीच दोन्ही बाजूंनी सारखी आहे.

आता हातच्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या, ती पुढे सतत लागणार आहे. हातचा घेतो तेव्हा आपण एका घरातले १० काढून शेजारच्या घरात १ ठेवतो. म्हणजे अंकांची बेरीज दर हातच्यामागे बरोबर ९ ने घटते. हातचा नसेल तर काहीच घटत नाही, आणि मग गुणाकाराच्या अंकांची बेरीज ही दोन्ही संख्यांच्या अंकांच्या बेरजांचा गुणाकार असते. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून वर्गाच्या अंकांची बेरीज ९ × ९ = ८१ असायलाच हवी. मेसेजमधला भाजक हाच आहे: १ ते ९ आणि परत १ पर्यंतची बेरीज ८१. वर ९९९९९९९९९ आहे, म्हणजे १११११११११ ची नऊपट, तेव्हा तिच्या वर्गात आपली संख्या ८१ वेळा आहे. ८१ ने गुणलं, ८१ ने भागलं, संख्या हाती आली. एवढंच ते सूत्र. मेसेज पाठवणारे याला चमत्कार म्हणून थांबतात याचं मला वाईट वाटतं, कारण कारण कळल्यावर ते सूत्र जास्तच आवडू लागतं.

हे सगळं हातच्यावर अवलंबून आहे याची खात्री करायची तर आणखी एक १ वाढवा. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. मधल्या रकान्यात आता दहा एक जमले: ० लिहिलं, हातचा १. शेजारच्या ९ मध्ये तो मिळवून १०: पुन्हा ० लिहिलं, हातचा १. त्याच्या शेजारचे ८ झाले ९, आणि तिथे साखळी थांबली. म्हणून ७ नंतर एकदम ९, मग दोन शून्यं. हातचे दोन आले, तेव्हा अंकांची बेरीज १०० वरून १८ ने घटून ८२ व्हायला हवी. मोजून बघा, ८२ च आहे.

इथे गायब झालेला ८ तुम्ही आधीही पाहिला असेल. १२३४५६७९ या संख्येला ९ ने गुणलं की नऊ एक मिळतात, हा खेळ बहुतेकांनी शाळेत केलेला असतो. आणि १ ला ८१ ने भागलं की ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा न संपणारा अपूर्णांक मिळतो, त्यातही ८ नाही. कारण तेच. १ भागिले ९ म्हणजे ०.११११…, आणि त्याचा वर्ग म्हणजे १ भागिले ८१. न संपणाऱ्या एकांच्या ओळी एकीखाली एक मांडल्या की रकान्यांत १, २, ३ … ८, ९, १०, ११ असे आकडे जमतात. १० पासून हातचे सुरू होतात, ९ चा १० होतो, ८ चा ९ होतो. ८ कुठे हरवत नाही, त्याच्यावर हातचा चढतो.

आता प्रश्न येतो, हे गुणधर्म संख्येचे की आपण ती ज्या पद्धतीने लिहितो त्या पद्धतीचे? हा फरक मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. चढता-उतरता क्रम, उलटसुलट सारखं वाचणं, अंकांची बेरीज ८१, हे दशमान पद्धतीतल्या लिखाणाचे गुणधर्म आहेत. तीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर यातलं काही दिसणार नाही. उलट ती वर्गसंख्या आहे, तिचे मूळ अवयव अमुक आहेत, तिला किती विभाजक आहेत, ती दोन वर्गांची बेरीज आहे का, हे कुठल्याही पद्धतीत लिहिलं तरी बदलत नाही. आठच्या पायात, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक वापरून लिहिताना, हाच नमुना सात एकांपर्यंत चालतो, १११११११ चा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा लिहिला जातो. तीनच्या पायात ११ चा वर्ग १२१ इथेच गाडी थांबते. पायापेक्षा एक कमी इतके एक, ही मर्यादा. आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून आपण नऊ एकांपर्यंत पोचलो. गंमत अशी की या संख्येत लिखाणाचे आणि खरेखुरे गुणधर्म एकमेकांत असे गुंतले आहेत की एकाचा पत्ता दुसऱ्यावरून लागतो. ते आता पाहू.

अवयव पाडायला सुरुवात नऊ एकांपासून करा, कारण वर्गाचे अवयव म्हणजे त्याच अवयवांची दुप्पट हजेरी. नऊ एक तीन-तीनच्या गटांत पाडले की १११ तीन वेळा दिसतो. म्हणून १११११११११ = १११ × १००१००१. यातला १११ म्हणजे ३ × ३७. दुसऱ्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३ आहे, तेव्हा त्यालाही ३ ने भाग जातो: १००१००१ = ३ × ३३३६६७. एकूण १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि आपली संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, गुणिले ३७ चा वर्ग, गुणिले ३३३६६७ चा वर्ग.

याच फोडीतून संख्या पुन्हा बांधून बघण्यासारखी आहे. १११ चा वर्ग १२३२१, आणि १००१००१ चा वर्ग १००२००३००२००१. दोन्हींत तोच १, २, ३, २, १ चा चढ-उतार, एकात शून्यं नाहीत, एकात आहेत. आता यांचा गुणाकार करायचा म्हणजे १२३२१, २४६४२, ३६९६३, २४६४२, १२३२१ या पाच संख्या तीन-तीन घरं सरकवून मिळवायच्या. पहिल्या दोन मिळवल्या की संख्येची सुरुवात १२३४५६४२ अशी दिसते. तिसरी मिळवली की १२३४५६७८९६३. चौथीनंतर १२३४५६७८९८७६४२. पाचवी मिळवली की ६४२ च्या जागी ६५४ येतात, पुढे ३२१ लागतात आणि १२३४५६७८९८७६५४३२१ पूर्ण होते. कागदावर एकदा करून बघाच, प्रत्येक पायरीला शेवटचे दोन-तीन अंक चुकीचे दिसतात आणि पुढची ओळ ते दुरुस्त करते.

३३३६६७ मूळ संख्या आहे हे मी वर गृहीत धरलं, पण ते दाखवायला हवं, आणि या सगळ्या विषयातला माझा सर्वांत आवडता भाग हाच आहे. नेहमीच्या पद्धतीने जायचं तर वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४, तेव्हा ५७७ पर्यंत जायचं. तिथपर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. एका संध्याकाळचं काम, पण कंटाळवाणं.

त्याऐवजी असा विचार करा. ३३३६६७ ला भाग देणारी एखादी मूळ संख्या असेल तर ती १००१००१ लाही भाग देईल आणि म्हणून ९९९९९९९९९ लाही. जी मूळ संख्या नऊ नवांना भाग देते, तिने १ ला भागल्यावर येणाऱ्या आवर्ती दशांशाचं आवर्तन (पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा गट) १, ३ किंवा ९ अंकांचंच असू शकतं, कारण आवर्तनाच्या लांबीने ९ ला पूर्ण भाग जायला हवा. लांबी १ किंवा ३ असेल तर ती संख्या ९९९ ला भाग देते, आणि ९९९ चे मूळ अवयव ३ आणि ३७ एवढेच. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ ने भाग जात नाही. ३७ ने भागलं तर ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १. दोन्ही बाद. उरलं आवर्तन ९ अंकांचं. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार आवर्तनाच्या लांबीने मूळ संख्येतून १ वजा केल्यावर जे उरतं त्याला भाग जातो. म्हणजे आपल्या संशयित संख्येतून १ काढला की ९ ने भाग जायला हवा, आणि संख्या विषम असल्यामुळे २ नेही. थोडक्यात, १८ ने भागल्यावर बाकी १ उरणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या.

५७७ पर्यंत अशा किती आहेत? १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. १०६ वरून १७ वर आलो, त्यातली ३७ आधीच गेली. १९ ने भागलं तर बाकी ८. १६३ ने बाकी ६. ५२३ × ६३८ = ३३३६७४, फक्त ७ ने हुकतं. ५७७ ने बाकी १६१. बाकीच्याही सगळ्या तपासल्या तर एकही लागू पडत नाही. ३३३६६७ मूळ आहे, आणि हे पाठकोऱ्या कागदाच्या एका बाजूवर सिद्ध होतं.

या युक्तीतून आणखी एक सुंदर गोष्ट हाती लागते. १ ला ३ ने भागलं तर ०.३३३…, आवर्तन एका अंकाचं. ३७ ने भागलं तर ०.०२७०२७…, आवर्तन तीन अंकांचं. ३३३६६७ ने भागलं तर ०.०००००२९९७०००००२९९७…, आवर्तन नऊ अंकांचं. १, ३, ९: ९ चे सगळे विभाजक, प्रत्येकाला एक-एक मूळ संख्या. आणि या तिन्ही आपापल्या लांबीच्या एकट्याच आहेत. तीन अंकांचं आवर्तन असलेली ३७ शिवाय दुसरी मूळ संख्या नाही, नऊ अंकांचं असलेली ३३३६६७ शिवाय दुसरी नाही. हे काही नेहमी घडत नाही. पाच अंकांचं आवर्तन ४१ आणि २७१ या दोघींचं आहे, सहा अंकांचं ७ आणि १३ या दोघींचं.

आता विभाज्यतेच्या कसोट्या लावून बघा. ९ ची कसोटी सर्वांना येते, अंकांची बेरीज करायची. ती चालते कारण १० ला ९ ने भागल्यावर बाकी १ उरते. तसंच १००० ला ९९९ ने भागल्यावर बाकी १, म्हणून ९९९ साठी तीन-तीन अंकांचे गट करून बेरीज करायची. १०० कोटीला ९९९९९९९९९ ने भागल्यावर बाकी १, म्हणून तिथे नऊ-नऊचे गट. आपल्या संख्येला तिन्ही लावू. एकेक अंकाची बेरीज ८१, म्हणजे ९ × ९. तीन-तीनच्या गटांची बेरीज १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७, म्हणजे ३ × ९९९. नऊ-नऊच्या गटांची बेरीज १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९, म्हणजे १ × ९९९९९९९९९. नऊ वेळा, तीन वेळा, एक वेळा. मधला २९९७ वरच्या ३३३६६७ च्या आवर्तनात नुकताच भेटला होता, कारण ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. तीन-तीन अंकांच्या गटांनी कसोटी लावणं शाळेत शिकवत नाहीत. ते शिकवायला हवं असं माझं ठाम मत आहे, ३७ ने भाग जातो की नाही हे त्याने चटकन कळतं.

तो शेवटचा नऊ नवांचा हिशोब आपल्याला थेट देवळालीला नेतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५ ते १९८६) यांचा जन्म डहाणूचा, शिक्षण ठाण्याला आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, आणि नोकरी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरांची. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकामुळे त्यांचं नाव जगभर पोचलं. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांना त्यांनीच वंडरफुल डेम्लो संख्या म्हटलं आणि १९३८ साली त्यांच्यावर लेख लिहिला. कल्पना तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आताच्या डोंबिवली, स्थानकावर सुचली, म्हणून त्यावरून डेम्लो हे नाव. तुमची १७ अंकी संख्या या मालिकेतली नववी. साध्या डेम्लो संख्यांत डावा आणि उजवा भाग मिळवला की मधला अंक तयार होतो: १६५ मध्ये १ + ५ = ६, ४७७७३ मध्ये ४ + ३ = ७. आता १२३२१ चे दोन भाग करा, १२ आणि ३२१. बेरीज ३३३. १२३४३२१ चे करा, १२३ आणि ४३२१. बेरीज ४४४४. पाच एकांच्या वर्गात १२३४ + ५४३२१ = ५५५५५. नऊ एकांपर्यंत हे न चुकता चालतं, आणि नवव्या पायरीवर बेरीज नऊ नवांची होते.

कापरेकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांची व्याख्याही अशाच तुकड्यांवर आहे: संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे मिळवायचे, मूळची संख्या परत आली पाहिजे. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. या कसोटीवर १११११११११ बसत नाही, तिच्या वर्गाच्या तुकड्यांची बेरीज तिची नऊपट येते. पण ९९९९९९९९९ बसते. तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, आणि ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९. मेसेजमधल्या सूत्रात वर बसलेली संख्या ही कापरेकर संख्या आहे, आणि उत्तर डेम्लो संख्या. शिवाय अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलं. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो, भागाकार १५२४१५७८९९७१०४१, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. म्हणजे ही संख्या हर्षदही आहे.

विभाजकांची संख्या पटकन सांगतो: घात ४, २, २ आहेत, म्हणून ५ × ३ × ३ = ४५. वर्गसंख्येचे विभाजक नेहमी विषम संख्येने असतात, कारण जोड्या लावताना वर्गमूळ एकटं राहतं. तिच्यापेक्षा कमी ज्ञात, पण मला फार प्रिय असलेली गोष्ट दोन वर्गांच्या बेरजेची. ४ ने भागल्यावर बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, बाकी ३ उरणारी येत नाही. आपल्या तीन अवयवांपैकी ३ आणि ३३३६६७ दोन्हींची बाकी ३. एकटी ३७ कामाची: ३७ = ३६ + १, आणि त्यावरून ३७ चा वर्ग = ३५ चा वर्ग + १२ चा वर्ग. आता १११११११११ = ३७ × ३००३००३, तेव्हा दोन्ही बाजूंना ३००३००३ ने गुणा. ३५ चे होतात १०५१०५१०५ आणि १२ चे ३६०३६०३६. ज्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण १११११११११ आहे त्याच्या बाजू १०५१०५१०५ आणि ३६०३६०३६! बाजू पूर्णांकांत हव्या असतील तर या कर्णाचा एवढा एकच त्रिकोण आहे, कारण अवयवांत ३७ सारखी दुसरी मूळ संख्या नाही. तीन-तीन अंकांचे गट पुन्हा डोकावतात, १०५, ०३६ आणि १११, आणि या छोट्या त्रिकोणातही १०५ च्या आणि ३६ च्या वर्गांची बेरीज १२३२१ च येते. पायथागोरसची त्रिकुटं शिकणाऱ्या मुलांना ३, ४, ५ नंतर हे त्रिकूट दाखवा, वर्गात आवाज बंद होतो.

‘मूळ संख्या’ हा गैरसमज कुठून आला असावा याचा अंदाज बांधता येतो. या संख्येची एक जवळची बहीण खरोखर मूळ आहे: १ ते १० आणि परत १ पर्यंतचे आकडे ओळीने लिहिले की होणारी २० अंकी १२३४५६७८९१०९८७६५४३२१. मध्ये १० घुसवला की वर्गाची सगळी घडी मोडते आणि अवयवच राहत नाहीत. कुणीतरी दोघींची गल्लत केली असेल. नुसत्या एकांच्या संख्यांतही काही मूळ आहेत, ११, मग १९ एकांची, २३ एकांची, ३१७ एकांची, १०३१ एकांची. त्यासाठी एकांची संख्या स्वतः मूळ असावी लागते, नाहीतर वर नऊचे तीन-तीन गट पाडले तसे गट पडतात. पण तेवढ्याने भागत नाही: ११११ ला तर ११ ने भाग जातोच, पण पाच एकांची संख्याही ४१ × २७१ अशी फुटते.

राहिलं स्प्रेडशीटचं. स्प्रेडशीट प्रत्येक संख्या ६४ बिटांत साठवतं, आणि त्यातले अंकांसाठी ५३ बिटच कामाला येतात. म्हणून ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच्या पूर्ण संख्या बिनचूक बसतात, त्यापुढे दुपटीपर्यंत फक्त सम संख्या. तुमची संख्या त्या मर्यादेच्या पुढे आहे आणि विषम आहे, तेव्हा ती साठवतानाच शेजारच्या सम संख्येवर, म्हणजे ३२० ने संपणाऱ्या संख्येवर सरकते. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला विचारलंत तर १२३४५६७८९८७६५४३२० असंच उत्तर मिळेल. एक्सेल तर त्यातलेही पहिले १५ अंकच दाखवतं आणि पुढे शून्यं भरतं, म्हणून तुम्हाला ३०० दिसलं. दोन्ही उत्तरं चूक आहेत हे कागदाशिवाय ओळखता येतं. १ ने संपणाऱ्या संख्येचा वर्ग १ नेच संपतो. आणि अंकांची बेरीज ८१ हवी होती, ३२० वाल्या उत्तराची ८० येते, ३०० वाल्याची ७८. बिनचूक उत्तर हवं असेल तर पायथॉन वापरा, त्यात पूर्ण संख्येला अशी मर्यादा नाही. स्प्रेडशीटमध्येच ठेवायची असेल तर त्या खान्याचं स्वरूप आधी मजकूर करून मग संख्या टाईप करा. बँकेच्या खात्याचे किंवा पार्सलचे १६-१७ अंकी क्रमांक साठवतानाही हेच करा, तिथेही १५ व्या अंकापुढे शून्यं होतात आणि मूळचे अंक फाईलमधून परत मिळत नाहीत.